व्यापारात गेलेली मूर्ती, चोरीला गेलेला रांजण

गुरुवार, नेपल्स

नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय एका दिवसात पुरं होण्यातलं नाही, आणि आम्ही तसा हट्टही धरला नाही. फार्नेझे घराण्याच्या संग्रहातले अवाढव्य संगमरवरी पुतळे जाता जाता पाहिले आणि थेट 'गुप्त दालना'कडे वळलो. पॉम्पेई आणि आसपास सापडलेल्या शृंगारिक वस्तू इथे वेगळ्या ठेवल्या आहेत. एकेकाळी हे दालन कुलूपबंद असे, २००० सालापासून ते सगळ्यांना खुलं झालं. आम्हाला त्यात एकच गोष्ट पाहायची होती. जेमतेम वीतभर उंचीची हस्तिदंती मूर्ती, जिला सगळे 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात.

ताईनं जालन्याच्या शाळेत इतिहास शिकवण्यात सगळी नोकरी काढली. भोकरदन तिच्या पायाखालचं. काचेपुढे ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, हातातल्या बांगड्या बघ." मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्याच बांगड्या, मराठवाड्यातल्या बंजारा आज्ज्यांच्या हातात असतात तशा. पायांतही घोट्यापासून वर वाळ्यांची चळत. कमरेला रुंद मेखला, गळ्यात भरगच्च हार, दागिन्यांखेरीज अंगावर काही नाही. पायात पाय अडकवून ती उभी आहे आणि एक हात मागे मानेकडे गेलेला आहे. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी साजशृंगाराचं सामान धरून उभ्या. मूर्तीला डोक्यापासून खाली भोक पाडलेलं आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय, असे तर्क केले जातात.

लक्ष्मी हे नाव तिला शोधणाऱ्यांनी दिलं, आज बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. १९३८ साली पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांच्या देखरेखीखाली पॉम्पेईचं उत्खनन चालू असताना ती एका घरात तुकड्यांच्या रूपात मिळाली. व्हेसुव्हियस ज्वालामुखी इसवी सन ७९ मध्ये फुटला, म्हणजे ती त्याआधीच इटलीत पोचलेली होती. पुढे १९७३ साली भोकरदनला उत्खनन झालं, तेव्हा अगदी याच घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती तिथल्या मातीतून निघाली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही तशीच मिळाली आहे. पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे, त्यामुळे काही जण वायव्य भारताकडे बोट दाखवतात. तरी घडण, दागिने आणि उभं राहण्याची ढब पाहिली की दख्खनचा दावा मला जास्त पटतो. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, उज्जैनहून पैठणला येणाऱ्या वाटेवरचं. तेर म्हणजे तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी वाटाड्यात पैठण आणि तगर या दोन्ही पेठांची नावं आहेत. तिथला माल गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोच बंदराला जायचा, तिथून गलबतांत. रोमची किती संपत्ती या मालापायी जाते याचा हिशेब प्लिनी या रोमन लेखकानं मांडून ठेवला आहे: भारत दर वर्षी ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. हा प्लिनी त्याच ७९ सालच्या उद्रेकात मेला.

बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर ताईनं विचारलंच. "आपल्याकडची आहे ना? मग परत मागायला नको?"

मला नाही वाटत. भोगवर्धनच्या कुणा कारागिरानं ती विकण्यासाठी केली, व्यापाऱ्यानं दाम मोजून नेली, पॉम्पेईच्या कुणीतरी हौसेनं घरात ठेवली. तिला कुणी देवळातून उचकटून नेलेलं नाही, की कुणाच्या डोक्याला तलवार लावलेली नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४०च्या दशकात कांस्याचा पॉसिडॉन सापडला. तो समुद्रदेव भूमध्य समुद्राच्या काठचा, पण आज टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे आणि तिथंच असावा. उद्या इटलीनं तो मागितला तर आपण देऊ का? तोही याच व्यापारात उलट्या दिशेनं आला. दोन्ही बंदरांनी एकमेकांना काय दिलं याचे हे पुरावे आहेत, आणि ते जिथं पोचले तिथं असण्यातच त्यांचं मोल आहे.

ताईला हे पूर्ण पटलं नाही. तिचं म्हणणं, निदान काही महिन्यांसाठी ती पैठणला किंवा संभाजीनगरला पाहुणी म्हणून यायला काय हरकत आहे, आपल्या पोरांनी बघायला नको का? याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तिचं बरोबर आहे. आणखी एक गोष्ट आम्हा दोघींनाही खटकली. अंगावर कपडे नाहीत एवढ्यावरून तिला गुप्त दालनात बसवलं आहे. आपल्याकडे यक्षी दारावर असते, तिच्याकडे पाहून घरात भरभराट येते. तिची जागा व्यापाराच्या दालनात, मिऱ्यांच्या आणि नाण्यांच्या शेजारी हवी.

शुक्रवार, पॉम्पेई

व्हेसुव्हियसला वळसा घालून जाणाऱ्या लोकल गाडीनं पॉम्पेईला उतरलो. व्हिया देल्'आब्बोंदान्त्सा हा गावातला मोठा रस्ता. दगडी फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या अजून बोटभर खोल आहेत. याच रस्त्याच्या कडेला ती मूर्ती जिथं सापडली ते घर आहे, 'भारतीय मूर्तीचं घर' म्हणूनच ते ओळखलं जातं. दार बंद होतं, जाळीतून आत डोकावलो. घर मध्यम आकाराचं, मोठ्या सावकाराचं वगैरे नव्हे. पण ते घर माहीत आहे, रस्ता माहीत आहे, विभाग एक, चौक आठ, दार पाच, असा पत्ता माहीत आहे. हे पुढे सेरव्हेतेरीत गेल्यावर मला फार महत्त्वाचं वाटलं.

सगळीच खणाई अशी नीट झालेली नाही. अठराव्या शतकात नेपल्सच्या बूर्बाँ राजांच्या माणसांनी १७३८ पासून हर्क्युलेनियम आणि १७४८ पासून पॉम्पेई खणायला घेतलं ते मुख्यतः राजवाडा सजवण्यासाठी. कित्येक घरांतल्या भिंतींवर आज चौकोनी खड्डे दिसतात. तिथली चित्रं गिलाव्यासकट कापून नेली होती. आजूबाजूला लाल रंगाची भिंत तशीच आणि मध्ये उघडा दगड. काल नेपल्सला आम्ही तीच चित्रं चौकटीत पाहिली होती. नीट जपलेली, स्वच्छ, पण खोलीशिवाय. जेवणाच्या खोलीत होती की देवघरात, बसल्यावर नजरेसमोर यायची की पाठीशी, ते त्या चौकटीत कळत नाही. चित्र नेपल्सला आणि भोक इथं, दोन्ही मिळूनच ती कलाकृती होते. उद्रेकाच्या राखेनं जे सतराशे वर्षं जपलं ते हौशी हातांनी काही दशकांत सुटं सुटं केलं. तरी त्यांतल्या राजा चार्ल्सबद्दल एक गोष्ट सांगतात ती मला आवडते: १७५९ साली स्पेनची गादी मिळाल्यावर तो निघाला, तेव्हा पॉम्पेईत सापडलेली, बोटात घातलेली अंगठी त्यानं काढून ठेवली, ती राज्याची आहे म्हणून.

गावाच्या तटाबाहेर उत्तरेला चिव्हिता जुलियाना म्हणून भाग आहे. तिथं पाहुण्यांना जाता येत नाही, पण त्याची कहाणी इथल्या प्रत्येक वाटाड्याच्या तोंडी आहे. एका श्रीमंत वाड्याच्या अवशेषांत चोरटे भुयारं खणून वर्षानुवर्षं माल काढत होते. सरकारी वकिलांनी आणि पुरातत्त्व खात्यानं मिळून ते थांबवलं आणि २०१७ पासून रीतसर खणायला सुरुवात केली. २०२१ साली तिथं मिरवणुकीचा चारचाकी रथ मिळाला, कांस्याच्या नक्षीसकट. चोरांचं भुयार त्याच्या इतक्या जवळून गेलं होतं की आणखी हातभर सरकले असते तर रथाचे पत्रे कुठल्यातरी लिलावात सुटे विकले गेले असते.

शनिवार, रोम

सकाळी नेपल्सहून गाडी, दुपारपर्यंत रोम. मुक्कामी सामान टाकून स्टेशनजवळच्या डायोक्लेशियनच्या स्नानगृहांकडे गेलो. तिथल्या अष्टकोनी दालनात २०२२ साली 'वाचवलेल्या कलेचं संग्रहालय' उघडलं. परदेशांतून, मुख्यत्वे अमेरिकेतून परत आलेल्या वस्तू इथं काही काळ ठेवतात आणि मग ज्या भागातून त्या गेल्या तिथल्या संग्रहालयाकडे पाठवतात. ऑर्फियस आणि सायरेन यांचा मातीचा जवळजवळ पुरुषभर उंचीचा संच लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातून आला, इथं काही काळ राहिला आणि तारान्तोला गेला. ही पद्धत मला मनापासून आवडली. राजधानीनं सगळं आपल्याकडे ओढून घ्यायचं नाही, हे इतक्या जुन्या साम्राज्याच्या राजधानीला कळलं आहे.

इटलीकडे या कामासाठी पोलिसांची स्वतंत्र तुकडी आहे, काराबिनिएरींची, १९६९ पासूनची. चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार त्यानंतर वर्षभरानं, १९७० साली झाला. जमिनीखाली जे सापडेल ते राज्याचं, असा कायदा इटलीत १९०९ पासून आहे. म्हणजे 'आम्हाला ठाऊक नव्हतं' हे त्यानंतर खरेदी करणाऱ्या कुठल्याही मोठ्या संग्रहालयाला म्हणता येत नाही. न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी २०२१ साली मायकेल स्टाइनहार्ट या धनाढ्य संग्राहकाकडून १८० वस्तू काढून घेतल्या, किंमत ७ कोटी डॉलर, आणि त्याला पुराणवस्तू विकत घ्यायला जन्मभर बंदी घातली. त्याच कचेरीनं मूर्तितस्कर सुभाष कपूरच्या जाळ्यातल्या कितीतरी मूर्ती भारतालाही परत केल्या आहेत. ताईनं हे ऐकल्यावर तिच्या वहीत कपूरचं नाव दोनदा अधोरेखित केलं.

रविवार, सेरव्हेतेरी

कोर्नेलिया मेट्रो स्थानकाबाहेरून निळ्या बसनं सेरव्हेतेरी. रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या एट्रस्कन लोकांचं हे एकेकाळचं बलाढ्य शहर, रोमन त्याला काएरे म्हणत. आज ते टेकडीवरचं लहानसं, निवांत गाव आहे. गावापासून चालत गेलं की बान्दिताच्चाचं मृतांचं नगर लागतं, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. मऊ ज्वालामुखी दगड कोरून केलेली गोल थडगी, वर मातीचा घुमट, घुमटावर गवत. त्यांच्यामधून रस्ते, चौक. आत उतरलं की घरच: दारं, खिडक्या, छपराच्या तुळया, खाटा, उशा, सगळं दगडात. 'उठावचित्रांचं थडगं' काचेतून पाहायला मिळतं. त्याच्या भिंतींवर आणि खांबांवर गिलाव्यात काढलेली घरातली अवजारं आहेत, ढाली, शिरस्त्राणं, सुऱ्या, दोराचं वेटोळं, भांडी. मेलेल्या माणसाला घरातलं काही कमी पडू नये म्हणून. ही माणसं मेजवानीत नवराबायको एकाच मंचकावर रेलून बसणारी. तसं जोडपं घडवलेली मातीची शवपेटी १८८१ साली इथंच चारेकशे तुकड्यांत मिळाली आणि ती रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे.

एट्रस्कन लोकांना अथेन्सची भांडी फार प्रिय. जगातल्या संग्रहालयांत जी अखंड ग्रीक मृत्पात्रं दिसतात त्यांतली कितीतरी ग्रीसमध्ये नव्हे, इटलीतल्या अशा थडग्यांत टिकली. म्हणून इथं चोरांचा सुळसुळाट. त्यांना इथं 'तोम्बारोली' म्हणतात. लांब लोखंडी सळई जमिनीत खुपसायची, हाताला पोकळ लागलं की रात्री खणायचं, ही त्यांची रीत.

दुपारी गावातल्या किल्ल्यातल्या संग्रहालयात गेलो. पायऱ्या चढून वर, आणि समोर तो रांजण. द्राक्षाचं मद्य आणि पाणी मिसळायचं भांडं, ग्रीक लोक त्याला क्रेटर म्हणत. उंची जेमतेम दीड फूट, तोंड त्याहून रुंद, सुमारे ४५ लिटर मावतील एवढं. इसवी सनपूर्व ५१५ च्या सुमाराचं. घडवलं युक्सिथिओसनं, रंगवलं युफ्रोनिओसनं, दोघांनी आपापली नावं घातली आहेत.

ट्रॉयच्या युद्धात देवांचा राजा झ्यूसचा मुलगा सार्पिडॉन मेला आहे. निद्रा आणि मृत्यू हे दोघे पंखवाले भाऊ चिलखत घालून त्याला उचलत आहेत. मध्ये देवांचा दूत हर्मीस उभा, सगळं रीतसर होतंय ना हे पाहणारा. सार्पिडॉनचं शरीर इतकं मोठं काढलं आहे की भांड्याच्या पोटाची जागा त्याला अपुरी पडते. छातीवर, पोटावर स्नायूंची एकेक रेघ, आणि जखमांतून निघणारे लाल ओघळ. एक हात खाली लोंबतो. मृत्यूचा आणि निद्रेचा चेहरा मात्र शांत आहे, दोघांनाही त्याची काळजी असावी असा. मागच्या बाजूला तरुण पोरं लढाईला निघण्यासाठी चिलखतं चढवत आहेत. म्हणजे भांडं फिरवलं की आधी तयारी आणि मग हे. ताई काचेभोवती फिरत राहिली. पहारेकऱ्यानं आमच्यासाठी दिव्याचा झोत जरा वळवला, तेव्हा रंगाच्या काळ्या तकाकीत खालचा तांबडा भाजका मातीचा रंग चमकला.

डिसेंबर १९७१ मध्ये गावाजवळच्या ग्रेप्पे सान्त'आंजेलो या जागी चोरट्यांनी थडगं फोडलं आणि त्यातून हे निघालं. ते जाकोमो मेदिची या दलालाकडे गेलं, त्याच्याकडून रॉबर्ट हेक्ट या व्यापाऱ्याकडे. १९७२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं ते दहा लाख डॉलरला घेतलं. पुराणवस्तूला तोवर इतकी किंमत कुणी मोजली नव्हती. कागदोपत्री सांगितलं गेलं की ते लेबननमधल्या एका विक्रेत्याच्या घराण्यात १९२० पासून होतं. १९९५ साली जिनिव्हाच्या बंदिस्त गोदामांवर छापा पडला आणि मेदिचीच्या खोल्यांत हजारो पोलरॉइड छायाचित्रं मिळाली: मातीनं लडबडलेले तुकडे, मग जोडलेली भांडी. मेट्रोपॉलिटनच्या दालनात याच क्रेटरसमोर उभा असलेल्या मेदिचीचाही फोटो त्यांत होता. २००४ साली रोमच्या न्यायालयानं त्याला दोषी ठरवलं. २००६ मध्ये संग्रहालयाशी करार झाला, जानेवारी २००८ मध्ये रांजण इटलीत आला. काही वर्षं व्हिला जुलियात राहून शेवटी इथं, स्वतःच्या गावी.

"पण बनलं तर अथेन्सला," ताई म्हणाली. "मग ग्रीसनं मागितलं तर?"

हाच प्रश्न मी नेपल्सला तिला उलटा घातला होता. अथेन्सच्या कुंभारानं ते विकलं, काएरेच्या कुणीतरी ते विकत घेतलं, वापरलं, आणि आपल्या माणसाबरोबर पुरलं. अडीच हजार वर्षं ते त्याच्या उशाशी होतं. चोरी झाली ती त्या माणसाकडून, त्या थडग्याकडून. म्हणून परत यायचं तर ते इथंच. जन्मगाव कुठलं यावर हक्क ठरवायला गेलो तर जगातल्या अर्ध्या वस्तूंना विनाकारण प्रवास करावा लागेल. शेवटच्या वेळी ती कुठून, कशी उचलली गेली हे पाहायला हवं.

पण मला खरा राग वेगळ्या गोष्टीचा आला. त्या थडग्यात कोण होतं? बाई की पुरुष? रांजणाशेजारी काय ठेवलं होतं? भिंतींवर काही होतं का? हाडं कुठे गेली? पन्नास वर्षांपूर्वी काही रात्रींत हे सगळं पुसलं गेलं, ते आता कुठलंच न्यायालय परत करू शकणार नाही. पॉम्पेईच्या मूर्तीचं दार नंबर पाच आपल्याला ठाऊक आहे. भोकरदनला कुठल्या थरात तिची बहीण निघाली हेही नोंदवलेलं आहे. दोन्हीकडे माणसांनी कुंचल्यानं माती झाडत, टिपणं लिहीत खणलं, म्हणून आज आपण छातीठोक सांगू शकतो की ही व्यापारानं गेली. दहा लाख डॉलर मोजणाऱ्यांनी एका वस्तूची किंमत दिली आणि शंभर गोष्टींची माहिती मारून टाकली. असे गिऱ्हाईक नसते तर तोम्बारोलींनी सळई उचललीच नसती.

परतीच्या बसमध्ये ताईनं तेरच्या रामलिंगप्पा लामतुरेंचं सांगितलं. व्यापारी माणूस. गावात पावसानंतर शेतांतून मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत, त्या त्यांनी आयुष्यभर जमवल्या. विकल्या नाहीत. त्यांच्या संग्रहातूनच तेरचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. सेरव्हेतेरीच्या मुलांना त्यांची गोष्ट सांगायला हवी, असं तिचं मत.

सोमवार, पुन्हा रोम

सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, म्हणून पायी फिरलो. पियाझ्झा देल पोपोलोमधला इजिप्शियन स्तंभ ऑगस्टसनं हेलिओपोलिसहून आणवला. फोरममध्ये टायटसच्या कमानीवर जेरुसलेमच्या मंदिरातून लुटलेला सात फांद्यांचा दीप सैनिकांच्या खांद्यावरून चालला आहे. लूट लपवायची नव्हती, मिरवायची होती. आणि तरी याच शहरात इसवी सनपूर्व ७० मध्ये सिसेरो या वकिलानं व्हेरेस या सुभेदारावर खटला चालवला, सिसिलीच्या देवळांतून आणि घरांतून मूर्ती पळवल्या म्हणून. त्या काळीही लोकांना हे चूक आहे हे कळत होतं. 'तेव्हाची रीतच तशी होती' असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला व्हेरेस आठवतो. खटला अर्धा चालतो न चालतो तोच तो रोम सोडून पळाला.

दुपारी पोर्ता कापेनाला गेलो. इथं अक्सूमचा २४ मीटर उंच दगडी स्तंभ उभा होता. मुसोलिनीच्या फौजांनी १९३७ साली इथिओपियातून आणलेला. १९४७ च्या तहात इटलीनं तो परत करण्याचं कबूल केलं. मग दशकांमागून दशकं गेली. कधी पैसा नाही, कधी तो हलवणं अशक्य. अखेर २००५ साली तीन तुकडे करून विमानानं तो गेला आणि २००८ मध्ये अक्सूमला पुन्हा उभा राहिला. ज्यांच्याकडून नेला ते लोक तिथंच होते, सारखे मागत होते, आणि लेखी शब्द दिलेला होता. तरी अठ्ठावन्न वर्षं.

पालेर्मोला मात्र एवढा वेळ लागला नाही. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टातला एक लहान तुकडा, बसलेल्या देवीचं पाऊल, तिथल्या संग्रहालयात दोनशे वर्षांच्या आसपास होता. जानेवारी २०२२ मध्ये तो अथेन्सला कर्जाऊ गेला, त्याच वर्षी कायमचा झाला, आणि आता मूळ पट्टात आपल्या जागी बसला आहे. लंडनचं ब्रिटिश म्युझियम त्याच पट्टाचा मोठा भाग बाळगून आहे आणि १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवतं, की या कायद्यानं आम्हाला काही देता येत नाही. तो कायदा ब्रिटिश संसदेनं केला आहे, आणि संसद तो बदलू शकते. ताई म्हणाली, पुढच्या खेपेला अथेन्सला जाऊ, ते पाऊल बघू. मी विमानांचे दर पाहायला सुरुवात केली आहे.